न घेतलेली सायकल

(बार्शी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

या अभ्यासवर्गात ‘उपभोग आणि समाजवादी कार्यकर्ता’ या विषयावर मी बोलावे, अशी संयोजकांची सूचना होती. विषय मोठा आहे आणि त्यावर माझ्याहून अधिकारी माणसे पुष्कळ बोलून गेली आहेत. म्हणून त्यांची री ओढण्याऐवजी मी आज एका सायकलीविषयी बोलणार आहे. ती सायकल मला हवी होती, मिळत होती, आणि मी ती घेतली नाही.

ही गोष्ट आज सांगण्याचे कारण असे की, गेल्या महिन्यात आपल्यापैकीच एका तरुण मित्राने मला विचारले, “गुरुजी, एक जुनी रेसिंगची सायकल विकायला निघाली आहे. नवी घ्यायची तर साठ हजारांच्या पुढे जाते, हा बावीस हजारांत द्यायला तयार आहे. मला फार दिवसांपासून अशी सायकल हवी होती. घेऊ का?” मी त्याला तेथल्या तेथे उत्तर दिले नाही. चाळीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न माझ्यापुढे आला होता. त्या वेळी मी जे उत्तर दिले त्याबद्दल माझे कौतुक झाले, आणि ते कौतुक मी बरीच वर्षे मुकाट्याने स्वीकारले. आज मला असे वाटते की ते उत्तर चुकले होते. कसे चुकले, ते आपल्यापुढे मांडावे एवढाच माझा हेतू आहे.

मी त्या काळी बार्शीत शिक्षक होतो. शाळा सुटली की सायकल काढायची आणि वैराग, पांगरी, आगळगाव या बाजूच्या एखाद्या गावी बैठकीला जायचे, हा क्रम होता. सायकल म्हणजे आपली नेहमीची काळी, जड, मागे कॅरिअर आणि पुढे डायनॅमोचा दिवा असलेली. कॅरिअरला अंकांचा गठ्ठा, हँडलला पिशवी. तिच्यावर मी माझ्या तारुण्याची पंधरा वर्षे घालवली आणि तिच्याविषयी माझी कसलीही तक्रार नाही. पण मनात दुसरीच एक सायकल होती. लहानपणी सोलापुरात एकदा रस्त्याच्या कडेला उभा असताना एक शर्यत माझ्या डोळ्यांसमोरून गेली. मेंढ्याच्या शिंगांसारखी खाली वळलेली हँडले, अंगठ्याएवढ्या रुंदीचे टायर, मडगार्ड नाही, घंटी नाही, आणि पाठी वाकवून बसलेले ते स्वार. आवाज येत होता तो फक्त चेनचा. क्षणभरात सगळे निघून गेले. मी मात्र तेथेच उभा होतो, आणि एका अर्थाने पुढची वीस वर्षे तेथेच उभा राहिलो.

अशी सायकल आमच्यासारख्याला मिळण्याचा संभव नव्हता. आपल्या देशात सायकली बनत होत्या. आसनसोलजवळ सेन-रॅले, सोनीपतला अॅटलस, लुधियानात हीरो, मद्रासजवळ हर्क्युलिस असे कारखाने निघाले आणि त्यांनी कष्टकऱ्याच्या दारात सायकल नेऊन उभी केली, हे त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. पण शर्यतीची खरी सायकल परदेशातून यायची, आणि परदेशी माल आणणे त्या काळी कोणा ऐऱ्यागैऱ्याचे काम नव्हते. त्यामुळे माझी इच्छा सुरक्षित होती. जी वस्तू मिळणारच नाही, तिच्या बाबतीत निरिच्छ असणे सोपे असते.

अशा स्थितीत १९८२ साल उजाडले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. पगारवाढ हवी होती, बदली कामगारांना कायम करून हवे होते, आणि १९४६ च्या कायद्याने एकाच संघटनेच्या हाती दिलेली मान्यतेची मक्तेदारी मोडून हवी होती. त्या संपाच्या डावपेचांविषयी आपल्यातही मतभेद होते. आज मला त्यात शिरायचे नाही. मला सांगायचे आहे ते एवढेच की, संप लांबला तसा गिरणगावातला कामगार आपापल्या गावी परतू लागला. कोकणात, साताऱ्यात, कोल्हापुरात आणि आपल्या या सोलापूर जिल्ह्यातही. कुर्डुवाडीला मोठी गाडी सोडायची आणि बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीत बसायचे. १८९७ पासून चाललेली ही अडीच फुटी रुळांची गाडी १९५४ मध्ये सरकारने घेतली होती, पण तिची चाल तीच होती. त्या गाडीने बार्शीची ज्वारी, डाळी, कापूस बाहेर गेला आणि माणसेही गेली. १९८२ मध्ये त्याच गाडीने माणसे रिकाम्या हाताने परत येत होती.

त्यांतला एक जण वैरागच्या बाजूचा होता. माझ्याच वयाचा. परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होता. त्याचे नाव मी सांगणार नाही, कारण त्याची परवानगी आता घेता येत नाही. रिकाम्या हाताने आलेल्या या मंडळींत हा एकटा एक गोष्ट बरोबर घेऊन आला होता. सामानाच्या डब्यातून त्याने बार्शी टाउन स्टेशनवर जी सायकल उतरवून घेतली, ती पाहून हमालसुद्धा जमा झाले. रॅलेची, विलायती, दहा गिअरची. सांगाड्याच्या नळीवर रेनॉल्ड्सचा ५३१ आकड्याचा शिक्का. एका हाताने सहज उचलावी इतकी हलकी. मुंबईत एका वयस्क शर्यतपटूकडून त्याने ती हप्त्याने घेतली होती आणि ते हप्ते जादा पाळ्या करून फेडले होते. रविवारी पहाटे तो सराव करी. मुंबई-पुणे शर्यतीत त्याने एकदा भाग घेतला होता. नंबर आला नाही, पण बोरघाट न उतरता चढला, हे तो अभिमानाने सांगे.

दिवाळीच्या तोंडावर, म्हणजे संपाच्या दहाव्या महिन्यात, तो माझ्याकडे आला. सायकल बाहेर भिंतीला टेकवून ठेवली आणि उंबऱ्याशी बसला. चहा झाला. मग म्हणाला, “गुरुजी, सायकल द्यायची हाय. सातशे रुपये आलं तर बघा. तुमच्याकडं राहिली तर जपाल तुम्ही.”

मित्रहो, माझ्या पोस्टाच्या पुस्तकात त्या दिवशी आठशे रुपये होते. पगारातून वाचवून ठेवलेले. त्या सायकलीची किंमत सातशेच्या दुप्पट तरी होती, हे त्याला माहीत होते आणि मलाही. बाहेर दारात ती उभी होती. वीस वर्षे मनात बाळगलेली वस्तू माणसाच्या दारात स्वतःहून येऊन उभी राहावी, असे आयुष्यात किती वेळा घडते?

मी बाहेर गेलो नाही. तिला हातही लावला नाही, कारण हात लावला तर माझा निग्रह टिकणार नाही हे मला ठाऊक होते. मी त्याला म्हणालो, “संपावरच्या माणसाच्या अडचणीतून मी स्वस्तात वस्तू घेणार नाही. ते मला शोभणार नाही.” तो काही बोलला नाही. थोडा वेळ बसला, “बरं येतो,” म्हणाला आणि सायकल हातात धरून चालत निघून गेला. त्या संध्याकाळी मला झोप लागली नाही, पण त्या जागरणात दुःखापेक्षा समाधानच अधिक होते, हे मी आज कबूल करतो. एक कसोटी लागली होती आणि मी तिला उतरलो होतो, अशी माझी भावना होती.

ही हकीकत मित्रमंडळींत पसरली. मी पसरवली नाही असे म्हणवत नाही. शिबिरांत तिचा दाखला दिला जाऊ लागला. कार्यकर्त्याने मोह कसा आवरावा, याचे उदाहरण म्हणून माझे नाव घेतले जाई, आणि मी संकोचाने मान खाली घालून बसत असे.

पण सायकलीचे काय झाले? ते कोणी विचारले नाही. मीही बरेच दिवस विचारले नाही. तिसऱ्या दिवशी बाजारातल्या एका व्यापाऱ्याने ती चारशे पन्नास रुपयांना घेतली. त्याच्या मुलाने ती एक हंगाम फिरवली, एकदा पडला, आणि मग ती सायकल गोदामात टांगली गेली. तिची रिम वाकली, कातडी सीट उंदरांनी कुरतडली. शेवटी ती भंगारात गेली असावी.

आता हिशेब मांडून पाहा. माझ्या नीतिमत्तेमुळे मला समाधान मिळाले. व्यापाऱ्याला सायकल मिळाली. आणि ज्याच्या अडचणीचा फायदा घ्यायचा नाही म्हणून मी एवढा निग्रह केला, त्याला सातशेऐवजी साडेचारशे मिळाले. म्हणजे माझ्या त्यागाची अडीचशे रुपये किंमत त्याने मोजली. दिवाळीच्या तोंडावर, घरात दोन मुले आणि म्हातारी आई असताना मोजली.

हे कसे घडते ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण हा काही केवळ सायकलीचा प्रश्न नाही. आपण बार्शीकर भुसार बाजारात वाढलेली माणसे आहोत. सुगीला शेतकरी गाडी भरून ज्वारी आणतो. त्याला ठाऊक असते की चार महिन्यांनी भाव चढणार आहे. तरीही तो आजच विकतो. त्याला अक्कल नसते म्हणून नव्हे. त्याला देणे द्यायचे असते, लग्न असते, बियाण्याची उधारी असते. थांबण्याची ताकद त्याच्यात नसते. ती ताकद गोदामवाल्यात असते, आणि भावातला फरक म्हणजे त्या थांबण्याच्या ताकदीचे भाडे असते. १९७२ च्या दुष्काळात दावणीचे बैल मातीमोल विकले गेले तेही असेच. बैलाचे मोल कमी झाले नव्हते. विकणाऱ्याला दुसऱ्या दिवसाच्या वैरणीचा भरवसा उरला नव्हता. ज्याला आपण ‘स्वस्तात मिळाले’ म्हणतो, त्याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की, विकणाऱ्याला थांबता आले नाही.

इथपर्यंतचा विचार मी १९८२ मध्येही केला होता. मग चूक कोठे झाली? चूक ही झाली की मी व्यवहारातून बाजूला झालो आणि व्यवहार मात्र तेथेच राहिला. एक सज्जन गिऱ्हाईक मागे हटल्याने बाजारातली अडचण कमी होत नाही. तेवढे एक गिऱ्हाईक कमी होते, आणि भाव आणखी उतरतो. वैयक्तिक शुद्धता आणि सामाजिक न्याय या दोन गोष्टी एक नाहीत. पहिलीने दुसरीची भूमिका तयार होते, हे मला मान्य आहे. पण पहिली साधली म्हणजे दुसरी झाली, असे मानणे ही आपल्या चळवळीतल्या मध्यमवर्गीय माणसाची जुनी सवय आहे, आणि ती सवय माझ्यात पुरेपूर होती.

त्याहून खोल असे आणखी एक कारण आहे, आणि ते सांगायला मला चाळीस वर्षे लागली. त्या दिवशी त्या उंबऱ्यावर दोघे जण बसले होते, पण माझे सगळे लक्ष मी आणि सायकल यांच्यावर होते. घेऊ की नको, मोह की निग्रह, हा झगडा माझ्या मनातला होता आणि त्यात समोरच्या माणसाला जागाच नव्हती. त्याला सातशे रुपये कशासाठी हवे आहेत, हे मी विचारलेसुद्धा नाही. माझ्या पुस्तकात आठशे रुपये होते. सायकल न घेता ते पैसे त्याला हातउसने देता आले असते. सायकल घरी ठेव म्हणून ठेवून घेता आली असती. पुरी किंमत ठरवून सातशे आज आणि उरलेले हप्त्याने देता आले असते. आम्ही दहा शिक्षक होतो. प्रत्येकी सत्तर रुपये काढले असते तर त्याला सायकल विकावीच लागली नसती. यांतले एकही माझ्या डोक्यात आले नाही. त्यागातही केंद्रस्थानी मीच होतो.

आमच्या एका वडीलधाऱ्या कार्यकर्त्यांनी त्या वेळी वेगळाच शेरा मारला होता. ते म्हणाले, “संपावरच्या माणसाला विलायती सायकल हवी कशाला? गेली ते बरेच झाले.” हा विचार आजही आपल्यात आहे, म्हणून त्याचा समाचार घेतला पाहिजे. कामगाराने भाकरीसाठी लढावे, हौसेसाठी नव्हे, अशी आपली समजूत असते. पण ज्या रविवारी पहाटे तो माणूस सायकल घेऊन बाहेर पडत असे, तो रविवार त्याला कोणी दिला? मुंबईच्या गिरणी कामगाराला आठवड्याची सुटी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १८९० मध्ये ती सुटी मिळाली. आठ तासांच्या कामाची मागणी जगभर झाली तेव्हा तिच्यामागे हिशेब असा होता की, आठ तास काम, आठ तास झोप, आणि उरलेले आठ तास माणसाचे स्वतःचे. ते स्वतःचे तास माणसाने कशात घालवावेत हे ठरवण्याचा अधिकार मालकाला नाही, तसा आपल्यालाही नाही. बोरघाट चढताना त्या साचेवाल्याला जो आनंद झाला असेल, तोही त्या लढ्याचेच फळ आहे.

सायकलीचे आणि समाजवादाचे नाते तर फार जुने आहे. इंग्लंडमध्ये ‘क्लॅरिअन’ नावाचे समाजवादी साप्ताहिक होते. १८९४ मध्ये बर्मिंगहॅम येथे त्याच्या वाचकांनी सायकल क्लब काढला. ही मंडळी सुटीच्या दिवशी गावोगाव सायकलीने हिंडत आणि जाताना अंक व पत्रके वाटत. म्हणजे आपण वैराग-पांगरीला जे करत होतो तेच. जर्मनीत १८९६ मध्ये कामगार सायकलस्वारांनी ‘सॉलिडारिटेट’, म्हणजे एकजूट, या नावाचा संघ स्थापन केला. पुढे त्यांनी स्वतःच्या मालकीचा सायकलींचा व्यवसायही ऑफेनबाख येथे उभारला. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर या संघावर बंदी आली आणि त्याची मालमत्ता हिरावून घेतली गेली. सायकलवर बसणाऱ्या कामगाराची एवढी भीती हुकूमशाहीला का वाटावी? कारण तो एकटा सायकलस्वार राहिलेला नव्हता. त्याची हौस आणि त्याची संघटना यांची गाठ पडली होती. उलट बाजूचे उदाहरणही आहे. फ्रान्समधली प्रसिद्ध देशफेरीची शर्यत १९०३ मध्ये एका वृत्तपत्राने सुरू केली ती आपला खप वाढावा म्हणून. सायकल तीच. ती कोणाच्या हाती आहे आणि कशासाठी चालते आहे, यावर सगळे अवलंबून असते.

म्हणून हौस टाकून द्या, असे सांगायला मी आज उभा नाही. जुनी वस्तू घेण्यातही गैर काही नाही. उलट एक चांगली वस्तू दोन-तीन हातांतून जाऊन पुरेपूर वापरली जावी, तिने गोदामात गंजू नये, हे समाजाच्या हिताचेच आहे. ज्याला नवी घ्यायची आहे, ज्याची उंची वाढली आहे, ज्याचे गुडघे दुखू लागले आहेत, त्याने आपली सायकल विकावी आणि दुसऱ्याने ती आनंदाने घ्यावी. प्रश्न जुन्या-नव्याचा नसून, विकणाऱ्याला थांबता येते की नाही, याचा आहे.

थांबण्याची ही ताकद एकेकट्या गरिबात येत नाही. ती एकत्र यावी लागते. १८४४ मध्ये इंग्लंडमधील रॉचडेल गावच्या विणकरांनी थोडेथोडे पैसे साठवून स्वतःचे दुकान काढले आणि सहकाराचा पाया घातला. आपल्याकडे १९०४ मध्ये सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला, तोही कर्जात पिचलेल्या शेतकऱ्याला सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणूनच. पुढे या पतसंस्थांचे काय झाले, त्यांतल्या किती जणांनी गरिबाला दारात उभे केले, हे आपण पाहतोच आहोत. पण मूळ कल्पना चुकीची नव्हती. १९८२ च्या संपातही खेड्यांतून धान्य गोळा करून कामगारांपर्यंत पोचवण्याचे काम झाले. त्या धान्याने संप जिंकला गेला नाही. पण जेथे पोते वेळेवर पोचले, तेथे एखादे भांडे, एखादा दागिना, एखादी सायकल विकायची थांबली असेल. आमच्या गावात ते काम आम्ही नेटाने केले नाही. मी निग्रह केला आणि घरी बसलो.

त्या मित्राचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला. हजारो कामगारांना पुन्हा कामावर घेतले नाही आणि त्यांत तोही होता. काही वर्षे त्याने दुसऱ्याच्या शेतात काम केले, मग बार्शीतच रखवालदारी धरली. आपल्या गावातल्या गिरण्याही टिकल्या नाहीत. जुनी माणसे जिला जयशंकर मिल म्हणतात, ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेलेली बार्शी टेक्स्टाईल मिल त्यातल्या त्यात चालत राहिली. २०२० च्या टाळेबंदीत महामंडळाच्या देशभरच्या गिरण्या थांबल्या, त्यांत तीही थांबली. त्याच वर्षी, ३ जून २०२० रोजी, म्हणजे जागतिक सायकल दिनी, अॅटलसच्या साहिबाबादच्या कारखान्यातील कामगारांना काम बंद झाल्याची नोटीस दारावर वाचायला मिळाली. कापड विणणाऱ्याचे जे झाले ते सायकल बनवणाऱ्याचेही झाले.

बऱ्याच वर्षांनी भगवंत मंदिराजवळ तो मला भेटला. केस पिकले होते. मीच सायकलीचा विषय काढला. माझ्या मनात ओझे होते आणि ते मला उतरवायचे होते. तो हसला आणि म्हणाला, “गुरुजी, त्या दिवशी तुम्ही उठून बघितली बी नाही. मला वाटलं, तुम्हाला पसंत न्हाई पडली. लई वाईट वाटलं हुतं. तिच्यात काय खोट नव्हती.”

मित्रहो, मी त्याला संपाचे, अडचणीचे, न्यायाचे कारण सांगितले होते, आणि त्याच्यापर्यंत ते पोचलेच नव्हते. ज्या वस्तूवर त्याने इतकी माया केली, तिच्याकडे मी पाहिलेसुद्धा नाही, एवढेच त्याच्या ध्यानात राहिले. मी त्याला त्या वेळी सांगितले की ती सायकल मला वीस वर्षे हवी होती. तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “मग बोलायचं की.”

‘बोलायचं की’ हे त्याचे शब्द मी विसरलेलो नाही. मी बोललो असतो, तर तोही बोलला असता. पैसे कशासाठी हवेत ते कळले असते, आणि दोघांनी मिळून काही मार्ग काढला असता. आता तो हयात नाही.

ज्या तरुण मित्राने मला प्रश्न विचारला, तो येथे समोर बसला आहे. त्याला माझे उत्तर असे आहे. फोनवरच्या चित्रावर आणि बावीस हजारांच्या आकड्यावर निर्णय करू नकोस. त्या माणसाच्या घरी जा. सायकल नीट पाहा, तिचे कौतुक कर, एक चक्कर मारून ये, आणि ती तुला किती हवी आहे हे मोकळेपणाने सांग. मग त्याला विचार की तो का विकतो आहे. तो दुसरी घेणार म्हणून विकत असेल, तर घासाघीस कर, सायकल घे आणि खुशाल कुर्डुवाडीच्या रस्त्याला लाग. सकाळच्या वेळी तो रस्ता फार सुंदर असतो. पण त्याची नोकरी गेली म्हणून, घरात आजारपण आहे म्हणून, बहिणीची फी भरायची आहे म्हणून तो विकत असेल, तर माझ्यासारखा उठून येऊ नकोस. दारात बसून राहा आणि आम्हाला कळव. रास्त किंमत देऊन ती घेता येईल, किंवा त्याला ती विकावी लागणार नाही अशी काही तजवीज करता येईल. आज या सभागृहात आपण साठ-सत्तर जण आहोत. प्रत्येकाने तीनशे रुपये काढले तर वीस हजारांच्या आसपास रक्कम उभी राहते. ती हातउसनी म्हणून फिरती ठेवावी, व्याज घेऊ नये, हिशेब मात्र चोख ठेवावा. माझे तीनशे मी संयोजकांकडे दिले आहेत.

या रकमेने बाजार बदलणार नाही, याची मला कल्पना आहे. थांबण्याची ताकद सर्व कष्टकऱ्यांना मिळायची तर कामाची हमी, आजारपणात उपचार आणि शेतमालाला रास्त भाव यांसाठीच लढावे लागेल, आणि तो लढा तीनशे रुपयांत होत नाही. पण जो कार्यकर्ता त्या लढ्याची भाषा बोलतो, त्याच्या उंबऱ्यावर बसलेला माणूस रिकाम्या हाताने उठून जाता कामा नये. माझ्या उंबऱ्यावरून तो तसा उठून गेला होता, म्हणून हे सांगितले.